पाचगणीच्या मुलाचा निरोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या लहानपणी सावद्याला गाण्यांचा बाजारभाव ठरायचा बुधवारी रात्री. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की अमीन सयानी सांगतील ते प्रमाण. कोणतं गाणं कितव्या पायदानावर गेलं, यावरून दुसऱ्या दिवशी केळीच्या वखारीपुढे वाद रंगायचे. इंग्लंडातही अशी यादी दर आठवड्याला निघते. ती तबकड्यांच्या खपावरून ठरत असे. नाताळच्या आठवड्यात पहिला नंबर कोणाचा, यावर तिथले लोक चक्क पैजा लावतात. १९९१ च्या नाताळात हा मान ज्या तबकडीला मिळाला, तिची हकिकत आज सांगायची आहे. गाणी इंग्रजी, वाद्यवृंद लंडनचा. पण गाणारा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.

त्याचं नाव फारोख बलसारा. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत आहे. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. घराणं पारशी, मूळ गुजरातचं. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश अमलातल्या न्यायालयात रोखपाल होते. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. आठ वर्षांचं पोर, आईबाप समुद्रापलीकडे! तिथे तो पियानो शिकला, टेबल टेनिस खेळला, आणि १९५८ साली चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. गंमत म्हणजे मुख्य गाणारा दुसराच होता, फारोख पियानोवर असायचा. त्या पाचांतला एक, व्हिक्टरी राणा, पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. दुसऱ्याने, फरंग इराणीने, पुण्यात उपाहारगृह चालवलं.

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली. बलसारा कुटुंबाने देश सोडला आणि लंडनजवळ बिऱ्हाड केलं. फारोखने कलाशाळेत शिक्षण घेतलं. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ हा गट उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. १९७५ साली त्यांचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, मध्येच ऑपेरासारखी गायकी. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी शंका होती. ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. २०१८ च्या चित्रपटामुळे तर ती घरोघरी गेली. पण तो चित्रपट १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीपाशी थांबतो, आणि मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये क्वीनने नेबवर्थला मोठी मैफल केली. फ्रेडीबरोबरची ती शेवटची. १९८७ मध्ये त्याला एड्स झाल्याचं निदान झालं. तेव्हा या रोगाला आवर घालणारं औषध नव्हतं. निदान म्हणजे शिक्षाच. त्याने ही गोष्ट अगदी जवळच्यांनाच सांगितली. बातमीदार दाराशी खेटे घालत होते आणि हा नकार देत होता. दुसरीकडे ध्वनिमुद्रण मात्र थांबलं नाही. याच सुमारास चौघांनी ठरवलं, की गाणं कोणीही लिहो, नाव चौघांचं लागेल. एरवी श्रेयावरून आणि पैशावरून धुसफूस व्हायची, ती मिटली.

१९९१ च्या जानेवारीत ‘इन्युएंडो’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर आलं. दहा वर्षांनी क्वीनला तो मान मिळाला होता. त्याच नावाच्या संग्रहात आणखी एक शांत गाणं होतं, ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’. ते मुख्यतः रॉजर टेलरने लिहिलं. तारुण्याचे दिवस आठवणारं, कुठेही आवाज न चढवणारं गाणं.

३० मे १९९१ रोजी त्याचं चित्रीकरण झालं. ब्रायन मे तेव्हा परदेशात होता, त्याची दृश्यं मागाहून जोडली. फ्रेडी इतका खंगला होता की ती फीत कृष्णधवल दाखवायची ठरलं, म्हणजे चेहऱ्याची रया गेलेली फार दिसू नये. अंगात मांजरांची चित्रं असलेली बंडी. एरवी अख्खं मैदान पायाखाली घालणारा हा माणूस जागचा फारसा हलत नाही, हातानेच काय ते बोलतो. शेवटी कॅमेऱ्याकडे बघत हळूच निरोप घेतो. कॅमेऱ्यासमोरचं त्याचं ते शेवटचं काम.

अमेरिकेत हे गाणं सप्टेंबरात, त्याच्या वाढदिवशी निघालं. तिथे फारशी हालचाल झाली नाही. २३ नोव्हेंबरला फ्रेडीने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. डिसेंबरात इंग्लंडमध्ये तबकडी निघाली. एका बाजूला १९७५ चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, दुसऱ्या बाजूला हे गाणं, दोन्हींचा मान सारखा. ती पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तिचं उत्पन्न टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळालं. इंग्लंडमध्ये एड्सने सुरुवातीला दगावलेल्यांपैकी एकाच्या मित्रांनी काढलेली ही संस्था. रक्कम दहा लाख पौंडांच्या पुढे गेली.

आता कोणी म्हणेल, माणूस गेल्यावर तबकडी खपतेच, आणि अर्धं यश जुन्या गाण्याचं. खरं आहे. पण जो रोग चार वर्षं लपवावा लागला, त्याच रोगाच्या नावाने पैसे द्यायला लाखो लोक दुकानात गेले. त्या गाण्याची खरी कमाई मला ती वाटते.

हे सगळं सावद्याच्या एका निवृत्त मास्तराने का सांगावं? त्याचं कारण माझा एक वर्गमित्र. शाळा सुटल्यावर तो ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि पुढे ड्रायव्हर झाला. केळी भरायची आणि दिल्ली गाठायची. १९९६ च्या सुमारास माझ्याकडे केबल आली होती. एका संध्याकाळी तो बसलेला असताना ही कृष्णधवल फीत लागली. त्याला इंग्रजीचा गंध नाही. बघता बघता म्हणाला, “भो, गानं काही समजत नही, पन मानूस थकेल दिसतो.” त्या माणसाला काय झालं होतं, ते मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला, चहा अर्धा ठेवून उठला.

१९९८ साली तो गेला. घरच्यांनी टीबी सांगितला. मला खरं माहीत होतं, मीही चार लोकांत टीबीच म्हणालो. याहून वाईट गोष्ट सांगतो. शेवटच्या तीन महिन्यांत मी त्याला दोनदाच भेटलो. दुसऱ्या खेपेला त्याच्या बायकोने पाणी आणलं, ते मी प्यायलो नाही. पाण्याच्या पेल्यातून हा रोग होत नाही, हे मी वर्गात मुलांना शिकवत होतो! मी तहान नाही म्हणालो. तो माझ्याकडे बघत होता.

याआधीच, १९९६ मध्ये, परिणामकारक औषधांचा शोध लागला होता. आपल्याकडे सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली २००४ साली. आज वेळेवर निदान होऊन औषध नियमित घेतलं, तर माणूस नातवंडं पाहतो. माझ्या मित्राच्या वाट्याला ते आलं नाही. फ्रेडीच्याही नाही.

हे भाषण लिहून झाल्यावर मी मित्राच्या मुलाकडे गेलो. तो आता केळीचा व्यापार करतो. त्याला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, सांगू का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सांगा काका. फक्त आबांचं नाव घेऊ नका.”

म्हणून नाव घेतलेलं नाही. निघताना त्याच्या आईने पाणी आणलं. या खेपेला मी पेला रिकामा करून मगच उठलो.