शेवटची संधी, दिवसाला ४०० कॅलरी

वजन उतरवायचं म्हटलं की आपल्या इंजिनिअर डोक्याला गणित एकदम सोपं वाटतं. इनपुट कमी, आउटपुट जास्त, संपलं! याच गणिताने १९७० च्या दशकात अमेरिकेत माणसं दगावली.

तर झालं असं. १९७६ मध्ये रॉबर्ट लिन या ऑस्टिओपॅथ डॉक्टरचं 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक आलं आणि तुफान खपलं. जेवण बंद, फक्त प्रथिनांचं द्रावण प्यायचं. दिवसाला ३००-४०० कॅलरी. अशी द्रावणं दुकानांत सर्रास मिळू लागली. आत काय? जनावरांची कातडी नि स्नायुबंध यांच्यातलं कोलॅजेन, वर कृत्रिम चव. (ईऽऽ, बरोबर!)

कल्पना अगदीच हवेतली नव्हती. बॉस्टनमध्ये जॉर्ज ब्लॅकबर्न असाच उपचार करत होते. पण ते खरं मांस, सोबत पोटॅशियम वगैरे क्षार देत आणि रुग्णावर लक्ष ठेवत. बाजाराने कोड कॉपी केला, डिपेंडन्सी मात्र सोडून दिल्या. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं, आणि हृदय हाही स्नायूच की हो.

१९७७ च्या अखेरीस अमेरिकी सरकारी यंत्रणा डझनावारी मृत्यू तपासत होत्या. त्यातल्या १७ जणांचा बारकाईने अभ्यास झाला. १६ बायका, सरासरी वय ३७. काही महिन्यांत सरासरी ४१ किलो उतरलेले. बऱ्याच जणांच्या ईसीजीत 'क्यूटी' अंतर लांबलेलं होतं. म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतोय. त्या आधीच पुढचा ठोका पडला तर ताल बिघडतो आणि माणूस अचानक जातो. मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट ही, की यातल्या काही जणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत्या!

पुढे अशा उत्पादनांवर मृत्यूचा धोका छापणं तिथे सक्तीचं झालं.

आता काय? २०१७ मध्ये ब्रिटनच्या 'डायरेक्ट' चाचणीचे निकाल आले. टाइप २ मधुमेहींना ३ ते ५ महिने रोज साधारण ८५० कॅलरी, पण पूर्ण पोषण असलेलं पेय. वर्षाअखेर जवळपास निम्म्यांचा मधुमेह आटोक्यात, तोही औषधांशिवाय. भारीच. पण झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची भीती असतेच. आणि त्या चाचणीत मधुमेहाच्या नि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या. घरच्या घरी शेक सुरू करणारा माणूस मात्र त्या गोळ्या नेमाने घेतच असतो.