चीज परक्याची, बढत आपली

१९६०च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत जॉन कोल्ट्रेनने चार गाणी ध्वनिमुद्रित केली. चारपैकी एकही त्याचे नव्हते. कोल पोर्टरचे एक, गर्श्विनची दोन आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेतले ‘माय फेव्हरिट थिंग्ज’. मार्च १९६१मध्ये याच शेवटच्या गाण्याच्या नावाने तबकडी बाजारात आली.

आपल्याकडे बहुतेकांना हे गाणे १९६५च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. कोल्ट्रेनने ते उचलले तेव्हा चित्रपट निघायचा होता. रंगभूमीवरची मूळ संगीतिका जेमतेम वर्षभराची होती आणि गीतकार हॅमरस्टाइनच्या निधनाला दोनच महिने झाले होते. म्हणजे कोल्ट्रेनने जुन्याचा जीर्णोद्धार केला नाही. त्याने कालपरवाचे, काहीसे बाळबोध गाणे घेतले.

केले काय? टेनरऐवजी सोप्रानो सॅक्सोफोन हाती घेतला. त्याचा किंचित अनुनासिक स्वर आपल्या कानाला सनईच्या जवळचा वाटतो. तीन मात्रांचा झुला तसाच ठेवला, मात्र एल्विन जोन्सच्या ड्रम्सनी त्यात अस्वस्थ वजन भरले. मॅकॉय टायनरचा पियानो तेच मोजके स्वरसमूह पुन्हापुन्हा घोळवत राहतो आणि त्या स्थिर जमिनीवर कोल्ट्रेन विस्तार करतो. वर्षभर आधीच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये त्याने स्वरसंगतींची धावती शर्यत लावली होती, येथे ती थांबली. गाण्याचा समारोपाचा भाग तर तो जवळजवळ शेवटापर्यंत राखून ठेवतो. पावणेचौदा मिनिटे. याला राग म्हणणे घाईचे ठरेल; पण एका चिजेभोवती बढत करण्याची वृत्ती ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही.

तरीही ही तुलना एका जागी अडते. बंदिश ही परंपरेची ठेव असते. ब्रॉडवेचे गाणे ही कायद्याने राखलेली मालमत्ता होती. वादकाने सुरावटीचा कितीही कायापालट केला तरी गाण्याचे स्वामित्वधन रचनाकाराकडेच जाई. त्यामुळे कृष्णवर्णीय वादकाने परक्याच्या घरात राहून ते आपले करण्याला वेगळा अर्थ येतो.

‘समरटाइम’ ऐकताना हा अर्थ टोकदार होतो. १९३५च्या ‘पोर्गी अँड बेस’मधली ही अंगाई. कृष्णवर्णीयांच्या जगण्यावरची ही संगीतिका गोऱ्या संगीतकाराने रचली होती. कोल्ट्रेनच्या टेनरमध्ये थोपटणारा हात नाही. लय चढी आहे, स्वर कठोर आहेत. अंगाई म्हणण्याऐवजी तो झोपलेल्याला हलवून उठवतो. त्याने यामागचा हेतू काय योजला असेल, हा तर्काचा भाग. ऐकणाऱ्याला मात्र मूळ गाण्याकडे पूर्वीच्या निरागसपणे परतता येत नाही.

या तबकडीने त्याला लोकप्रिय केले. नभोवाणीसाठी शीर्षकगीताची छोटी आवृत्तीही निघाली. लोकप्रिय गाणे कलावंताला बांधून टाकते, असा अनुभव आहे. कोल्ट्रेनने ते सोडले नाही आणि गोठूही दिले नाही. एप्रिल १९६७मध्ये, मृत्यूच्या तीन महिने आधी, हार्लेममध्ये त्याने तेच गाणे अर्ध्या तासाहून अधिक वेळ वाजवले. तिथे ओळखीची सुरावट वादळात तरंगणाऱ्या फळीसारखी क्षणभर दिसते आणि बुडते. ती फळी त्याने अखेरपर्यंत हातची जाऊ दिली नाही, याचेच मला अधिक नवल वाटते.