हत्यारपेटी, गॅरेजमधील जुनी
धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्यासारख्या (जि. बीड) फाट्यांवर गॅरेजवाले पाने-पकडी ठेवतात ती पत्र्याची पेटी किंवा खणांचे कपाट. वय ठरवताना रंगावर विसंबू नये. तो बहुधा पुन्हा मारलेला असतो. खण पूर्ण बाहेर काढून मागचे सांधे पाहावेत. रिबिटांचे सांधे आणि सरळ खाचेचे स्क्रू जुनेपणा सुचवतात, मात्र स्क्रू दुरुस्तीत बदलले जातात. खणांवर केवळ इंचांतली मापे असल्यास पेटी मेट्रिक मापे रुळण्यापूर्वीची असू शकते. भारतातील त्याविषयीचा कायदा १९५६चा. नाशिकच्या टपारिया टूल्स कंपनीचे उत्पादन १९६९ पासूनचे, त्यामुळे तिचा मूळ छाप असलेली पेटी त्याआधीची नसते. गंज खरवडण्यापूर्वी झाकणाच्या आतून छाप शोधावा. पॉलिश पेपरने उथळ अक्षरे कायमची जातात.