मतदान केंद्राच्या दारातला जवान आत का येत नाही?

मतदान केंद्राच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला जवान तुम्ही पाहिला असेल. अनेक जण आधी त्यालाच ओळखपत्र दाखवतात आणि तो आत जा अशी खूण करतो. कारण मतदाराची ओळख तपासणं हे त्याचं काम नाही, ते आतल्या मतदान अधिकाऱ्याचं काम आहे.

केंद्राच्या आत कोणी थांबायचं, हे मतदान केंद्राध्यक्ष ठरवतात. त्यांनी बोलावल्याशिवाय पोलीस किंवा केंद्रीय दलाचे जवान सहसा आत जात नाहीत. बाजूला गणवेश उभा असेल, तर गुप्त मतदान कितपत मोकळेपणानं होईल?

मग निवडणुकीत पोलीस कोणाचं ऐकतात?

एरवी पोलीस राज्याच्या गृहखात्याच्या हाताखाली असतात आणि गृहमंत्री स्वतःच उमेदवार असू शकतात. म्हणून लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 28 अ नुसार निवडणुकीसाठी नेमलेले पोलीस अधिसूचनेपासून निकालापर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं.

महाराष्ट्रात याचा अनुभव 2024 च्या विधानसभा निवडणुकीत आला. विरोधी पक्षांच्या तक्रारींनंतर आयोगाने पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला यांच्या बदलीचा आदेश दिला. संजय वर्मा यांनी पदभार घेतला. निकाल लागल्यावर काही दिवसांतच शुक्ला पुन्हा त्याच पदावर आल्या. आयोगाचा अधिकार किती मोठा आणि किती तात्पुरता, हे यातून दिसतं.

गडचिरोलीत 3 वाजता मतदान का संपतं?

2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमधल्या आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या विधानसभा क्षेत्रांत सकाळी 7 ते दुपारी 3 अशी वेळ होती. अंधार पडायच्या आत पथकं सुरक्षित ठिकाणी परतावीत, हा हेतू. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने गेले.

ही काळजी कागदोपत्री नाही. 2009 मध्ये विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, 8 ऑक्टोबरला, लाहेरीजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात 17 पोलीस मारले गेले.

सुरक्षा दलांवरच प्रश्न उपस्थित झाले तर?

10 एप्रिल 2021 रोजी पश्चिम बंगालमधल्या सितलकुची मतदारसंघात एका केंद्राबाहेर सीआयएसएफच्या गोळीबारात चार जणांचा मृत्यू झाला. जमाव शस्त्रं हिसकावत होता, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या असं दलाचं म्हणणं होतं. तृणमूल काँग्रेसने आणि गावकऱ्यांनी ते नाकारलं. आयोगाने त्या केंद्रावरचं मतदान थांबवलं आणि 29 एप्रिलला ते पुन्हा घेतलं. मतदान पुन्हा घेता येतं, गेलेले चार जीव मात्र परत येत नाहीत. बंदोबस्त वाढवा, ही मागणी आपल्याकडे फार सहज केली जाते.

मतदान संपलं की काम संपतं?

नाही. 2024 मध्ये गडचिरोलीचं मतदान 19 एप्रिलला झालं, मोजणी 4 जूनला. म्हणजे 46 दिवस मतदान यंत्रं स्ट्राँगरूममध्ये होती. दाराला कुलपं आणि सील, बाहेर सशस्त्र पहारा. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही बाहेरून लक्ष ठेवता येतं. आणि इथेही पहारेकऱ्याची जागा दाराबाहेरच असते.