पाठीराखे, धनको आणि मालक : पोर्ट्समथ फुटबॉल क्लबचे आर्थिक संकट (२००९-२०१७)

प्रास्ताविक :

फुटबॉलचा क्लब कोणाचा, या प्रश्नाला भावना एक उत्तर देते आणि कंपनी कायदा दुसरे. तीन पिढ्या एकाच स्टँडमध्ये उभ्या राहिलेल्या कुटुंबास क्लब आपला वाटतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते कुटुंब म्हणजे तिकीट विकत घेणारा ग्राहक होय. क्लब सुस्थितीत असतो तोवर या दोन उत्तरांतील अंतर कोणाच्या ध्यानी येत नाही. तो कर्जात बुडाला आणि त्याचा मालक कोण हेच कळेनासे झाले, की हे अंतर उघडे पडते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ या शहराने २००९ ते २०१३ या काळात हा अनुभव घेतला. तेथील पाठीराख्यांनी अखेरीस क्लब विकत घेतला आणि चार वर्षांनी स्वतःच्याच मताने तो विकलाही. यांपैकी पहिल्या घटनेवर पुष्कळ कौतुकाने लिहिले गेले आहे. दुसरीचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात दोन्ही घटना एकत्र ठेवून पाहावयाच्या आहेत.

शहर आणि क्लब :

पोर्ट्समथ हे नौदलाचे शहर आहे. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज तेथेच जतन केलेले आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागापासून बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाजही विसाव्या शतकात अनेक वर्षे याच बंदरात, निराळ्या नावाने, प्रशिक्षणनौका म्हणून उभे होते. गोदीकामगार आणि खलाशी यांच्या या वस्तीत १८९८ साली फुटबॉल क्लब स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षी तो फ्रॅटन पार्क या मैदानावर खेळू लागला आणि आजही तेथेच खेळतो. १९३९ मध्ये क्लबने एफ. ए. चषक जिंकला, तर १९४८-४९ व १९४९-५० या लागोपाठच्या हंगामांत तो इंग्लंडचा विजेता ठरला. पुढील अर्धशतक उतरणीचे गेले. १९९८-९९ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा मिलान मंदारिच या उद्योजकाने तो घेतला व २००३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचविला. २००६ मध्ये मालकी अलेक्झांडर गायडामाक यांच्याकडे गेली.

१७ मे २००८ रोजी वेम्बली येथे कार्डिफचा १-० असा पराभव करून पोर्ट्समथने पुन्हा एफ. ए. चषक पटकाविला. एकोणसत्तर वर्षांनी आलेला हा आनंद शहराने मनसोक्त साजरा केला. तथापि येथे एक अप्रिय गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. सुमारे वीस हजार प्रेक्षकांच्या जुन्या मैदानावर खेळणारा क्लब त्या संघातील नामांकित खेळाडूंचे वेतन स्वतःच्या उत्पन्नातून कधीच देऊ शकला नसता. मालकाचा पैसा आणि बँकांचे कर्ज यांवर तो संघ उभा होता. पाठीराख्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. चषक हाती असताना हिशेब कोणी मागितला नाही, इतकेच. पुढील काळात ते निव्वळ बळी ठरले असे चित्र रंगविले जाते, ते म्हणूनच काहीसे अपुरे वाटते.

एका हंगामात चार मालक :

जागतिक मंदीनंतर गायडामाक यांनी हात आखडता घेतला आणि बँकांनीही कर्जवसुलीचा तगादा लावला. ऑगस्ट २००९ मध्ये क्लब सुलेमान अल फहीम यांच्या ताब्यात गेला. जेमतेम सहा आठवड्यांत तो अली अल फराज यांच्याकडे आला. हे गृहस्थ फ्रॅटन पार्कवर कधी दिसलेच नाहीत. आपला मालक खरोखर अस्तित्वात आहे काय, असे लोक उपहासाने विचारू लागले. फेब्रुवारी २०१० मध्ये हाँगकाँगस्थित उद्योजक बलराम चैनराय यांनी, दिलेल्या कर्जाच्या आधारे, क्लबचा ताबा घेतला. एका हंगामात हे चार मालक झाले. मालकाची योग्यता तपासण्याचा नियम प्रीमियर लीगने २००४ पासूनच केला होता. परंतु ही परीक्षा मुख्यत्वे मागील अपराध व दिवाळखोरी पाहणारी होती. क्लब चालविण्यास पैसा कोठून येणार, हा प्रश्न ती पुरेशा गांभीर्याने विचारीत नव्हती.

खेळाडूंचे पगार थकले, कर खात्याने क्लब अवसायनात काढण्याचा अर्ज केला आणि २६ फेब्रुवारी २०१० रोजी प्रशासक नेमला गेला. प्रशासकाच्या हाती गेलेला प्रीमियर लीगमधील हा पहिलाच क्लब होय. महाराष्ट्रातील वाचकास ‘प्रशासक’ हा शब्द सहकारी कारखाने व बँका यांच्यामुळे परिचित आहे. इंग्लंडमधील अर्थ थोडा निराळा असला, तरी गावावर पडणारी छाया तीच असते. शिक्षा म्हणून नऊ गुण कापले गेले. पंच्याऐंशी कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. १० एप्रिलला क्लबची प्रीमियर लीगमधून पदावनती निश्चित झाली आणि दुसऱ्याच दिवशी याच संघाने टॉटनहॅमला हरवून एफ. ए. चषकाची अंतिम फेरी गाठली! चेल्सीविरुद्धची ती अंतिम लढत तो हरला. पण युरोपीय स्पर्धेचे दार त्यापूर्वीच बंद झाले होते, कारण अशा क्लबला आवश्यक तो परवाना मिळू शकत नव्हता.

धनकोंची यादी :

या प्रकरणातील सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे प्रशासकाने प्रसिद्ध केलेली धनकोंची यादी. एकूण देणे सुमारे बारा कोटी पौंडांचे होते. त्यात मोठे सावकार व कर खाते होते, तसेच सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार पुरविणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्था आणि शहरातील लहानसहान व्यावसायिकही होते. इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘फुटबॉल धनकोंचा नियम’ म्हणून ओळखली जाणारी एक तरतूद आहे. क्लबला स्पर्धेतील आपले स्थान टिकवायचे असेल, तर खेळाडूंचे व इतर क्लबांचे देणे पूर्णपणे चुकते करावे लागते. उरलेल्या धनकोंच्या वाट्याला उरेल ते येते. पोर्ट्समथच्या तडजोडीत त्यांना पौंडामागे वीस पेन्स, तेही हप्त्याहप्त्याने, देऊ करण्यात आले. लक्षाधीश खेळाडूस पूर्ण रक्कम आणि रुग्णवाहिकेच्या संस्थेस पाचवा हिस्सा, असा हा न्याय होता. कर खात्याने पोर्ट्समथच्या तडजोडीस न्यायालयात आव्हान दिले, ते ऑगस्ट २०१० मध्ये फेटाळले गेले. या नियमाविरुद्ध केलेला स्वतंत्र दावाही ते खाते २०१२ मध्ये हरले.

नियमाच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते, की एका क्लबच्या पतनाने दुसऱ्यांचे पतन होऊ नये. या युक्तिवादात तथ्य आहे. पण मग क्लब ही समाजाची संस्था आहे, असे सांगून त्याच समाजातील छापखान्याचे वा मिठाईवाल्याचे बिल बुडविणे कसे समर्थनीय ठरते? याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकास आढळले नाही.

मैदान कोणाचे :

पहिल्या संकटातून क्लब ऑक्टोबर २०१० मध्ये पुन्हा चैनराय यांच्याकडे आला व जून २०११ मध्ये व्लादिमिर अंतोनोव यांच्या कंपनीस विकला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतोनोव यांची लिथुएनियातील बँक सरकारने ताब्यात घेतली, त्यांच्याविरुद्ध अटकेचे वॉरंट निघाले आणि त्यांची कंपनी बुडाली. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी दोन वर्षांत दुसऱ्यांदा क्लबवर प्रशासक आला. या वेळी दहा गुण कापले गेले व संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. ऑगस्टपर्यंत सर्व ज्येष्ठ खेळाडूंनी क्लब सोडला होता. नव्या हंगामाची पहिली लढत बहुतांशी कुमारवयीन खेळाडूंना घेऊन खेळावी लागली.

पाठीराख्यांची ‘पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट’ ही संस्था याआधीच स्थापन झालेली होती. (पॉम्पी हे शहराचे व क्लबचे लाडके नाव.) इंग्लंडमध्ये अशा संस्थांचा आरंभ १९९२ मध्ये नॉर्दॅम्प्टन येथे झाला आणि २००० पासून ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ या शासनपुरस्कृत उपक्रमाने त्यांना बळ दिले. कायद्याने त्यांचे स्वरूप सहकारी असते : भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. १८४४ च्या रॉचडेलपासून निघालेली ही परंपरा पुढे आपल्याकडे प्रवरानगरलाही पोहोचली, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

ट्रस्टने एक हजार पौंडांचा एक भाग ठरविला. दोन हजारांहून अधिक लोकांनी तो घेतला. ज्यांना एकट्याने परवडत नव्हता, त्यांनी मित्रांचे वा नातेवाइकांचे गट केले. काही सधन पाठीराख्यांनी स्वतंत्रपणे मोठ्या रकमा गुंतविल्या. नगर परिषदेने १४.५ लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. परंतु केवळ पैसा जमवून भागणार नव्हते. फ्रॅटन पार्क हे मैदान चैनराय यांच्या पोर्टपिन कंपनीकडे तारण होते आणि तारणधारक धनकोच्या संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या आदेशावाचून ते मोकळे होणे शक्य नव्हते. मैदान नसेल, तर क्लबचे नाव विकत घेऊन काय साधणार? संघर्षाचा खरा केंद्रबिंदू हाच होता. घोषणा आणि मोर्चे यांहून मूल्यांकनाचे अहवाल, तारणपत्रे व वकिलांच्या तारखा यांनी हा लढा ठरविला. गोदीत, शाळेत, दुकानात काम करणाऱ्या माणसांना वर्षभर दिवाळखोरीच्या कायद्याचा अभ्यास करावा लागला. अखेर १० एप्रिल २०१३ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात तडजोड होऊन तीस लाख पौंडांस मैदानाचा प्रश्न सुटला व त्याच महिन्यात क्लब ट्रस्टच्या हाती आला. इंग्लंडमधील तो पाठीराख्यांच्या मालकीचा सर्वांत मोठा क्लब ठरला.

येथे एका समकालीन घटनेचे स्मरण होते. पोर्ट्समथवर पहिला प्रशासक आला त्या २०१० सालीच मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा फुटबॉल संघ बंद करण्यात आला. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला हा संघ एका कंपनीचा विभाग होता. त्यास स्वतंत्र मैदान नव्हते, वेगळे भाग नव्हते. म्हणून कूपरेजवर त्याच्यासाठी ओरडणाऱ्यांना विकत घेण्यासारखे काही उरलेच नाही. पोर्ट्समथकरांच्या हाती निदान भांडण्याजोगे तारणपत्र तरी होते.

चार वर्षांचा कारभार आणि विक्री :

ट्रस्टला मिळालेला क्लब चौथ्या श्रेणीत घसरला. तरीही त्या हंगामासाठी दहा हजारांहून अधिक हंगामी तिकिटे विकली गेली. ऑगस्ट २०१३ मधील पहिल्या सामन्यास अठरा हजारांवर प्रेक्षक आले आणि ऑक्सफर्डने संघाचा ४-१ असा धुव्वा उडविलेला त्यांनी पाहिला. नंतरची वर्षे काटकसरीची होती. माजी खेळाडूंची जुनी देणी नव्या मालकांनाच फेडावी लागली. ती २०१४ मध्ये संपली व क्लब कर्जमुक्त झाला. ६ मे २०१७ रोजी चेल्टनहॅमवर ६-१ असा विजय मिळवून, समान गुण असताना केवळ गोलफरकाच्या बळावर, संघाने चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले.

त्याच महिन्यात भागधारकांपुढे मतदानाचा प्रश्न आला. डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या टॉर्नंट कंपनीने ५६.७ लाख पौंडांस क्लब घेण्याचा आणि आणखी एक कोटी पौंड गुंतविण्याचा प्रस्ताव ठेवला. जुन्या मैदानाची डागडुजी काही वर्षांत अपरिहार्य होणार होती आणि तिचा खर्च हजार-हजार पौंडांच्या भागांतून निघणारा नव्हता. ट्रस्टच्या भागधारकांपैकी मत देणाऱ्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी विक्रीस संमती दिली. ऑगस्ट २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

यास सहकारी मालकीचा पराभव म्हणावे काय? तसे म्हणणारे तेव्हा पोर्ट्समथमध्येही होते. सभासदांची मालकी पैशापुढे टिकत नाही, हे पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंडला जाण्याची गरज नाही; भाडेतत्त्वावर गेलेले साखर कारखाने आपल्या परिचयाचे आहेत. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. २००९-१० च्या हंगामात क्लब तीनदा हातांतून हातांत गेला, तेव्हा पाठीराख्यांना ती बातमी वर्तमानपत्रातून कळली. २०१७ मध्ये विक्रेते तेच होते : खरेदीदारास त्यांच्यासमोर सभागृहात येऊन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, कर्जाचा बोजा शिल्लक नव्हता आणि क्लबचे नाव, रंग, बोधचिन्ह यांच्या रक्षणासाठी पाठीराख्यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ करारातच मान्य करून घेण्यात आले. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये घेतलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या पाठीराख्यांनी पुढे वर्षानुवर्षे निदर्शने केली, ती याच गोष्टींच्या अभावी. मालकाला विचारावे असे कोणतेही सनदशीर स्थान त्यांना नव्हते.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आहे. मालकाच्या पैशाचा उगम तपासणे आणि क्लबचा रंग वा बोधचिन्ह बदलण्यापूर्वी पाठीराख्यांचे मत घेणे, या गोष्टी आता कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत. सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या धनकोंना पूर्ण पैसे मिळतील अशी तरतूद मात्र त्यात नाही. पोर्ट्समथचा संघ एप्रिल २०२४ मध्ये, बारा वर्षांनी, दुसऱ्या श्रेणीत परतला. तो अजूनही फ्रॅटन पार्कवरच खेळतो.