फास्टर फेणे: पुस्तकातला शाळकरी मुलगा पडद्यावर मोठा का झाला?

१/ सोलापूरच्या नवी पेठेतून निघून पुण्याच्या महामार्गाला लागलेल्या प्रवाशाला हडपसर येण्याआधी डाव्या हाताला फुरसुंगीचा परिसर लागतो. या गावाचे नाव महाराष्ट्रभरच्या मुलांच्या तोंडी बसवले ते एका काल्पनिक मुलाने. त्याचे नाव बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे.

२/ त्याचे जनक भा. रा. भागवत (१९१०–२००१). ‘बालमित्र’ मासिकाचे संपादन त्यांनी केले आणि ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणल्या. काडीसारखा सडपातळ, सायकलवर सुसाट सुटणारा, जीभ टाळ्याला लावून ‘ट्टॉक’ करणारा, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला हा विद्यार्थी वीस पुस्तकांचा नायक झाला.

३/ या मालिकेत राक्षस नाहीत, पऱ्याही नाहीत. तिच्यातील अद्भुत निराळे आहे. एक शाळकरी मुलगा पुण्याच्या गल्लीतून निघतो आणि काश्मीरला, अफगाणिस्तानात, इतकेच काय, १९६२ च्या युद्धकाळात चीनच्या सीमेवरही पोहोचतो. देशाचा इतिहास पुढे सरकतो; फेणे मात्र शाळेतच राहतो.

४/ म्हणूनच ही पुस्तके इतिहासाचे साधनही ठरतात. थोरांनी वर्तमानपत्रात वाचलेले युद्ध मुलांपर्यंत साहसकथा होऊन आले. तिथला शत्रू बहुधा ओळखू येणारा असे: आक्रमक, चोर, विमान पळवणारा. तो पकडला गेला की जग पुन्हा सुरक्षित होई.

५/ ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका छोट्या पडद्यावर आणली. सुमीत राघवन यांनी फेणे साकारला. माध्यम बदलले, पण नायक शाळकरीच राहिला.

६/ मोठा बदल झाला तो २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन, फेणेच्या भूमिकेत अमेय वाघ. दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भा. रा. भागवतांची भूमिका केली. म्हणजे निर्माता आणि त्याची निर्मिती एकाच कथेत समोरासमोर आली.

७/ या चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. एका विद्यार्थ्याच्या संशयास्पद मृत्यूचा माग काढताना तो परीक्षेतील घोटाळ्यापर्यंत पोहोचतो. शेजारच्या मध्य प्रदेशातील ‘व्यापम’ प्रकरण २०१३ मध्ये उघडकीस आले होते. ती धास्ती तेव्हा घरोघरी ओळखीची होती. सीमेवरचा शत्रू आता परीक्षेच्या खोलीत येऊन बसला होता.

८/ बालकथेने काळाचे भय बोलून दाखवावे, हे नवे नाही. सत्यजित राय यांनी आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या कथेवरून १९६९ मध्ये ‘गुपी गायन बाघा बायन’ केला. त्याच जोडगोळीच्या १९८० च्या ‘हीरक राजार देशे’मध्ये पाठशाळा बंद करणारा आणि प्रजेची मने यंत्राने घडवणारा राजा आला. आणीबाणी संपून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. मात्र राय यांनी हे सारे गाणी आणि जादू यांच्या आधाराने सांगितले. त्यामुळे लहान प्रेक्षक बाहेर पडला नाही.

९/ मराठी रूपांतराचा खरा पेच इथेच आहे. भागवतांचा फेणे ज्यांनी बालपणी वाचला, ते २०१७ पर्यंत प्रौढ झाले होते. चित्रपटाने त्यांच्यासोबत नायकालाही वाढवले. त्यामुळे कथेला धार आली, आजचा प्रश्न आला. पण ‘आपल्याच वयाचा मुलगा हे सारे करू शकतो’ हा दहा वर्षांच्या वाचकाला मिळणारा विश्वास पडद्यावर उरला नाही.

१०/ रूपांतर मुळाशी किती इमानी आहे, एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या वयाच्या माणसाशी बोलते, हेही पाहावे लागते. तो शाळकरी फेणे अजून त्या वीस पुस्तकांत आहे. पाय पेडलवर ठेवून.