वजनदार गोळी आणि नेमाची जबाबदारी : अमेरिकेतील एल्क-शिकारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शस्त्रांचा इतिहास बहुधा युद्धांच्या अनुषंगाने लिहिला जातो. शिकारीच्या शस्त्रांकडे केवळ छंदाचे साधन म्हणून पाहिले जात असल्याने इतिहासलेखनात त्यांची दखल अपवादानेच घेतली जाते. वस्तुतः एखादा समाज वन्य प्राण्याला अन्न मानतो, व्यापाराचा माल मानतो की सार्वजनिक ठेवा मानतो, हे त्याच्या शिकारीच्या साधनांतून आणि संकेतांतून स्पष्ट होत असते. या दृष्टीने उत्तर अमेरिकेतील एल्क या हरणाच्या शिकारीचा इतिहास उद्बोधक आहे.

युरोपात ‘एल्क’ हे नाव मूस या वेगळ्याच प्राण्याला दिले जाते. अमेरिकेतील एल्क म्हणजे शॉनी भाषेतील नावाने ओळखले जाणारे ‘वापिती’ हरीण होय. युरोपातील तांबडे हरीण आणि काश्मीरमधील हंगुल हे त्याचे निकटचे आप्त आहेत. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३०० किलोग्रॅम भरते. खांद्याची जाड हाडे आणि रुंद छाती यांमुळे या प्राण्यासाठी वजनदार गोळी हवी, हा समज अमेरिकी शिकाऱ्यांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. तथापि गोळीचे वजन आणि रायफलीचा नेम या दोन स्वतंत्र बाबी नाहीत. गोळी बदलली की नेम नव्याने जुळवावा लागतो. हे जुळवण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन शतकांत कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

नेमजुळणीची संकल्पना

नळीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जात नाही. सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढते आणि हवेचा रोध तिचा वेग कमी करतो. म्हणून नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेले असते. गोळी प्रथम जवळच्या अंतरावर दृष्टिरेषा ओलांडून वर जाते आणि पुढे ठरावीक अंतरावर पुन्हा त्या रेषेवर उतरते. हे दुसरे अंतर निश्चित करून त्यानुसार माशी, मागील खाच अथवा दुर्बीण बसविणे, यालाच नेम जुळवणे म्हणतात.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. .३०-०६ या प्रसिद्ध काडतुसातील १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने सुटते. तिचा नेम २०० यार्डांवर जुळविल्यास ३०० यार्डांवर ती सुमारे ९ इंच खाली लागते. त्याच रायफलीतून सुमारे २४०० फूट वेगाने सुटणारी बोथट टोकाची २२० ग्रेनची गोळी तेवढ्याच अंतरावर एक फुटाहून अधिक खाली जाते. शिवाय वजन व वेग बदलल्याने नळीचे कंपन आणि धक्क्याचा परिणामही बदलतो. त्यामुळे जवळच्या अंतरावरदेखील मारा वर, खाली किंवा बाजूला सरकू शकतो. तो किती सरकेल हे केवळ कोष्टक पाहून सांगता येत नाही. प्रत्यक्ष गोळ्या झाडूनच ते पाहावे लागते.

वाटोळ्या गोळीचा काळ

मेरीवेदर ल्युइस आणि विल्यम क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा पॅसिफिक किनाऱ्याजवळील फोर्ट क्लॅटसॉप येथे काढला. तुकडीतील सार्जंट पॅट्रिक गॅस याच्या नोंदीनुसार त्या मुक्कामात १३१ एल्क मारण्यात आले. मांस अन्नासाठी, कातडी कपड्यांसाठी व पादत्राणांसाठी वापरली गेली. या काळातील रायफली वाटोळ्या शिशाच्या गोळीच्या होत्या. पुढे सेंट लुईस येथील हॉकेन बंधूंच्या रायफली रॉकी पर्वतातील फासेपारधी व्यापाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाल्या. त्यांची गोळी साधारण अर्ध्या औंसाची, म्हणजे सुमारे २२० ग्रेनची असे.

वाटोळ्या गोळीचे वजन नळीच्या व्यासावरूनच ठरते. वजन वाढवायचे तर नळीच रुंद करावी लागते. म्हणून बंदूक घडविणारा कारागीर रायफलीबरोबर तिच्या मापाचा गोळीचा साचाही देत असे आणि माशी कानशीने घासून नेम जुळवून देत असे. दारूचे प्रमाण कमी-अधिक करता येई. पण गोळीचे वजन बदलण्याचा प्रश्न धन्यापुढे क्वचितच येई. नेमाची प्राथमिक जबाबदारी अशा रीतीने कारागिराची होती.

लांबट गोळी आणि कत्तलीची दशके

१८४९ मध्ये फ्रान्समधील क्लोद-एत्येन मिनिए यांची लांबट गोळी पुढे आली आणि वजन व व्यास यांची ही गाठ सुटली. एकाच व्यासाच्या नळीतून आता कमी-अधिक लांबीच्या व वजनाच्या गोळ्या झाडणे शक्य झाले. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसात ४०५ ग्रेनची गोळी होती. १८८० च्या दशकात ५०० ग्रेनची गोळीही वापरात आली. ४०५ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १३५० फूट असल्याने तिचा मार्ग कमानीसारखा असे. अंतराच्या अंदाजात ५० यार्डांची चूक झाली तरी लांबचा नेम पूर्णपणे हुके. म्हणून सैन्याच्या शस्त्रागारात मागील दर्शकावर अंतराच्या खुणा कोरल्या जाऊ लागल्या. नेमाची जबाबदारी कारागिराकडून कारखान्याकडे सरकली. मात्र या खुणा ठरावीक वजनाच्या गोळीसाठीच खऱ्या असत.

याच दशकांत एल्क हा व्यापाराचा माल बनला. यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये घोषित झाले असले तरी तेथे शिकारीला प्रभावी बंदी नव्हती. कॅप्टन विल्यम लडलो यांच्या १८७५ च्या पाहणीच्या अहवालात, आधीच्या हिवाळ्यात मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्या परिसरात १५०० ते २००० एल्क मारले गेल्याचे नमूद आहे. कातडी आणि जीभ तेवढी घेऊन उरलेला प्राणी टाकून दिला जाई. पुढे एल्कच्या दोन सुळ्यांनाही घड्याळाच्या साखळीतील लोलक म्हणून किंमत आली. कातड्यांच्या संख्येवर पैसे मिळविणाऱ्याला जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याचे सोयरसुतक नव्हते. वजनदार गोळी होती, खुणा कोरलेला दर्शक होता. पण त्यामागे कोणतेही नैतिक बंधन नव्हते.

निसर्गलेखक अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांच्या अंदाजानुसार युरोपीयांच्या आगमनापूर्वी खंडात सुमारे १ कोटी एल्क होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या १ लाखाच्याही खाली गेली. पूर्वेकडील आणि नैर्ऋत्येकडील एल्कचे प्रकार नामशेष झाले.

धूरविरहित दारू आणि बदललेल्या खुणा

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. त्यामुळे लहान व्यासाची गोळी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेगाने सोडता येऊ लागली. अमेरिकी सैन्याने १८९२ मध्ये स्वीकारलेल्या .३०-४० क्रॅग काडतुसात २२० ग्रेनची बोथट गोळी होती. १९०३ च्या काडतुसातही वजन तेच राहिले; वेग सेकंदाला सुमारे २३०० फूट झाला. १९०५ मध्ये जर्मनीने हलकी टोकदार गोळी स्वीकारल्यानंतर अमेरिकेनेही १९०६ मध्ये १५० ग्रेनची, २७०० फूट वेगाची टोकदार गोळी घेतली. हेच ते .३०-०६.

या बदलाची एक बाजू इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. काडतूस बदलल्याबरोबर आधी तयार झालेल्या रायफलींच्या नळ्या किंचित आखूड करून त्यांतील काडतुसाची जागा नव्याने कापावी लागली आणि दर्शकावरील अंतराच्या खुणाही पुन्हा आखाव्या लागल्या. केवळ ७० ग्रेन वजन घटले आणि राष्ट्राच्या संपूर्ण शस्त्रसाठ्याचा नेम रद्द ठरला. नळीतील आट्यांचा पीळ मात्र २२० ग्रेनच्या लांब गोळीला साजेसा, दहा इंचांत एक फेरा असाच राहिला. त्यामुळे हलकी आणि वजनदार अशा दोन्ही गोळ्या या रायफलीतून स्थिर जात राहिल्या. सैन्यातून व कारखान्यातून ही रायफल नागरी शिकाऱ्याच्या हाती आली, तेव्हा गोळी निवडण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले. खुणा मात्र एकाच गोळीच्या होत्या.

१९३० मध्ये विल्यम वीव्हर यांनी सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली. दुर्बिणीची चकती फिरवून नेम सूक्ष्म प्रमाणात सरकवता येतो; आजच्या अनेक दुर्बिणींत एका टिचकीने १०० यार्डांवर सुमारे पाव इंचाचा फरक पडतो. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवावी, प्रथम २५ यार्डांवर मारा कागदावर आणावा, नंतर १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचा पुंजका पाहून चकती फिरवावी, नळी थंड होऊ द्यावी आणि शेवटी २०० यार्डांवर खात्री करावी, अशी पद्धत रूढ झाली. नेमाची जबाबदारी अखेरीस शिकाऱ्याच्या स्वतःच्या हाती आली.

कीथ आणि ओ’कॉनर यांचा वाद

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी शिकार-नियतकालिकांतून या विषयावर एक दीर्घ वाद रंगला. आयडाहोतील गुराखी, शिकारवाटाड्या व लेखक एल्मर कीथ (१८९९-१९८४) हे वजनदार गोळीचे पुरस्कर्ते होते. एल्कसाठी .३३ इंच व्यासाची आणि २५० ग्रेन किंवा त्याहून जड गोळी हवी, असा त्यांचा आग्रह होता. जखमी एल्क घनदाट अरण्यात नाहीसा होतो, तिरक्या कोनातून मारलेली हलकी गोळी हाडावर फुटून जाते, हा त्यांचा अनुभव होता. १९५८ मध्ये आलेले .३३८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस याच विचारसरणीचे फलित मानले जाते.

याउलट जॅक ओ’कॉनर (१९०२-१९७८) हे ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारितेचे प्राध्यापक होते आणि नंतर ‘आउटडोअर लाइफ’ या नियतकालिकाचे शस्त्र-संपादक झाले. १९२५ मध्ये आलेल्या .२७० विंचेस्टर काडतुसातील, सेकंदाला ३१०० फुटांहून अधिक वेगाची १३० ग्रेनची गोळी त्यांनी लोकप्रिय केली. गोळी किती जड आहे यापेक्षा ती कोठे लागते हे महत्त्वाचे, ही त्यांची भूमिका होती. जड काडतुसाच्या धक्क्याला बिचकणारा शिकारी चाप ओढताना रायफल हलवतो. मग वजनाचा उपयोग काय, असा हा युक्तिवाद होता.

हा वाद वरकरणी हलकी विरुद्ध जड असा दिसतो. प्रत्यक्षात प्राण्याला वेदनेत सोडून देऊ नये, हे दोघांचेही गृहीत समान होते. १८७५ च्या कातडी-शिकाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता. जड गोळी चुकीच्या कोनाची काही अंशी भरपाई करते. सपाट मार्गाची गोळी अंतराच्या चुकीची काही अंशी भरपाई करते. मात्र न जुळविलेल्या नेमाची भरपाई यांपैकी कोणतीही करीत नाही.

गोळीच्या रचनेने या वादाची धार काहीशी बोथट केली. जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीत गोळी पुरेशी आत न शिरण्याचा अनुभव आला. त्यातून त्यांनी मध्ये धातूचा पडदा असलेली गोळी तयार केली आणि १९४८ पासून तिची विक्री सुरू केली. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून खोल जातो. मध्यम वजनाची गोळीही आता जड गोळीचे काम करू लागली.

कायदा, संवर्धन आणि नवे प्रश्न

शिकाऱ्याच्या दृष्टिकोनात झालेला बदल कायद्याच्या चौकटीबाहेर समजत नाही. थिओडोर रूझवेल्ट आणि सहकाऱ्यांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना केली. यलोस्टोनमधील वन्य प्राण्यांना १८९४ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. १९०० च्या लेसी कायद्याने अवैध शिकारीच्या आंतरराज्य व्यापारावर निर्बंध आणले. १९१२ मध्ये वायोमिंगमधील जॅक्सन होल येथे राष्ट्रीय एल्क अभयारण्य स्थापन झाले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये शिकारीच्या रायफली व काडतुसांवरील कर वन्यजीव-संवर्धनासाठी राखून ठेवण्यात आला. रायफली व काडतुसांवर तो ११ टक्के आहे. म्हणजेच नेम जुळविण्यासाठी कागदावर झाडलेल्या प्रत्येक विकत घेतलेल्या काडतुसाचा काही अंश संवर्धनाकडे जातो. आज उत्तर अमेरिकेत सुमारे १० लाख एल्क आहेत. १९९७ पासून केंटकी राज्यात ते पुन्हा सोडण्यात आले.

कोलोरॅडोच्या नियमांनुसार एल्कसाठी किमान .२४ इंच व्यासाची, ८५ ग्रेनची, पसरणारी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा राखणारी गोळी आवश्यक आहे. वजनाची किमान मर्यादा कायदा ठरवू शकतो; नेम जुळविला आहे की नाही, हे मात्र तो तपासत नाही.

अलीकडे शिशानेच नवा प्रश्न उभा केला आहे. मारलेल्या प्राण्याच्या अवशेषांतील शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडांना विषबाधा होत असल्याचे निदर्शनास आले. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून वन्य प्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. परिणामी अनेक शिकारी कमी वजनाची तांब्याची गोळी निवडतात आणि १९०६ प्रमाणेच त्यांना नेम नव्याने जुळवावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) गोळीचे वजन आणि नेम यांचा संबंध अविभाज्य आहे. १८४९, १९०६ आणि २०१९ या तिन्ही टप्प्यांवर गोळीतील बदलाने आधीचा नेम निरुपयोगी ठरविला.

२) नेमाची जबाबदारी कारागीर, कारखाना आणि शेवटी शिकारी अशा क्रमाने हस्तांतरित झाली. दुर्बिणीने ती व्यक्तीच्या हाती दिली आणि कमी झालेल्या एल्कसंख्येने तिला नैतिक वजन दिले.

३) तंत्रज्ञानाने आपोआप नीती निर्माण होत नाही. सर्वांत जड गोळ्यांचा काळ हाच सर्वांत बेफिकीर कत्तलीचा काळ होता.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा मार्ग बंद करून संरक्षण साधण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेने शिकार चालू ठेवून शिकाऱ्यालाच उत्तरदायी करण्याचा मार्ग स्वीकारला. या दुसऱ्या मार्गाचे यश कायद्याच्या कलमांइतकेच, हंगामापूर्वी प्रत्येक शिकारी आपल्या रायफलीचा नेम किती प्रामाणिकपणे तपासतो यावरही अवलंबून आहे.